जुन्या पेट्रोल पजेरोचा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) गेलाय म्हणतात? दुसरा घ्यायच्या आधी याचं झाकण उघडून बघा

हे दुसऱ्या पिढीच्या पेट्रोल पजेरोवाल्यांसाठी लिहितोय, म्हणजे १९९१ ते १९९९ मधली, ३.० किंवा ३.५ लिटर व्ही-६ इंजिनवाली. दुबई, शारजा, मस्कत, दोहा इकडे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, आणि वाळूत किंवा ओमानच्या डोंगरात फिरायला कमी पैशात दणकट फोर बाय फोर हवी म्हटलं की फिरून फिरून ह्याच गाडीवर येतात. भारतात हिंदुस्तान मोटर्सने विकलेली पजेरो २.८ लिटर डिझेल होती, तिला यातलं फारसं लागू होत नाही. पण तुमच्याकडे २००० नंतरची जिप्सी किंग एमपीएफआय असेल तरी वाचा, कारण पिना आणि कोड वेगळे असले तरी तपासायचा क्रम तोच आहे.

तर होतं काय, गाडी एक दिवस नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा लाइट लागून राहतो, किंवा चावी ऑन केल्यावर तो लागतच नाही, आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनचे फेरे) कधी १५०० वर चढतो कधी सिग्नलला गाडी बंद पडते, तापली की बंद पडते आणि थंड झाली की परत सुरू होते. गॅरेजवाला दोन सेन्सर बदलतो, फरक पडत नाही, मग सांगतो की कंप्युटर गेला, जुन्या बाजारातून दुसरा आणा. इथेच थांबा. जुन्या बाजारात मिळणारा ईसीयू तुमच्या ईसीयूच्याच वयाचा असतो, त्यात तेच कॅपॅसिटर (वीज साठवणारे नळकांडीसारखे छोटे पार्ट) असतात, आणि ते आज फुटलेले नसले तरी येत्या उन्हाळ्यात फुटतील. पैसे घालवून तोच आजार परत घरी आणायचा, ह्याला काही अर्थ नाही.

नेमकं बिघडतं काय

नव्वदच्या दशकातल्या मित्सुबिशीच्या ईसीयूंमध्ये जे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर आहेत ते वयोमानाने गळतात, आणि हे फक्त पजेरोत नाही तर त्या काळच्या गॅलंट, इक्लिप्स सगळ्यांत होतं. कॅपॅसिटरच्या बुडाचं रबर सील सुकतं, आतलं द्रावण बाहेर येऊन बोर्डावर पसरतं. हे द्रावण वीज वाहून नेतं आणि तांबंही खातं, म्हणजे आधी दोन ट्रॅकमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांमध्ये) नको तिथे करंट जातो आणि नंतर ट्रॅकच तुटतो. म्हणून सुरुवातीला लक्षणं येऊन जाऊन असतात, कधी बरं कधी वाईट, आणि लोक महिनोनमहिने सेन्सर बदलत बसतात.

उष्णता हे मोठं कारण. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा साधारण हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं. आता गल्फमध्ये ऑगस्टात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा विचार करा आणि त्याला पंचवीस-तीस वर्षांनी गुणा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, गाडी व्यवस्थित चालत असेल तरीसुद्धा एकदा ईसीयू काढून आत बघा, गळती सुरुवातीलाच सापडली तर काम स्वस्तात होतं, ट्रॅक खाल्ल्यावर सापडली तर तेच काम कटकटीचं होतं.

आधी सिद्ध करा की ईसीयूच आहे

ही पायरी लोक गाळतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एक बरा डिजिटल मल्टिमीटर पाहिजे, बाकी काही नाही.

बॅटरीपासून सुरू करा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, आणि तो नीट केल्याशिवाय ईसीयूला हात लावू नका कारण नवे कॅपॅसिटरही तो जाळेल. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीये, त्याने ईसीयू मध्येच बंद होतो आणि सगळ्यांना वाटतं कंप्युटर गेला.

मग फ्यूज, आणि नुसतं बघून नाही, काढून मीटरने कंटिन्युइटी (आतली तार अखंड आहे का) तपासा. मग एमपीआय कंट्रोल रिले, म्हणजे इंजेक्शन सिस्टिमला सप्लाय देणारा विजेवर चालणारा स्विच. हा रिले ईसीयूच ओढतो आणि त्याच्यातूनच फ्युएल पंपला सप्लाय जातो. इथे एक गैरसमज काढून टाका, या काळातल्या मित्सुबिशीत बरेचदा पंप चावी ऑन केल्यावर वाजत नाही, क्रँक करतानाच (स्टार्टर मारतानाच) चालतो, त्यामुळे चावी ऑन करून आवाज आला नाही म्हणून पंप किंवा ईसीयू मेला असं धरू नका.

आता अर्थ, म्हणजे अर्थिंगच्या वायरी. ईसीयूचे अर्थ बॉडीला किंवा इंजिनला बोल्टने लावलेले असतात आणि जुन्या गाडीत तिथे गंज असतो. चावी ऑन ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनला मागच्या बाजूने लावा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर बोल्ट काढून घासून परत घट्ट करा. कितीतरी मेलेले ईसीयू एवढ्यानेच जिवंत होतात.

मग ५ व्होल्ट. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (हवेची झडप किती उघडली ते सांगणारा) कनेक्टर काढून चावी ऑन करा आणि कनेक्टरच्या वायरवर ५ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर लगेच ईसीयूला दोष देऊ नका, त्याच ५ व्होल्टच्या लाइनीवरचे बाकीचे सेन्सर एक एक करून काढत जा. एखादा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर तो सेन्सर शॉर्ट आहे आणि ईसीयू निर्दोष आहे. सगळे काढूनही येत नाहीत, सप्लाय आणि अर्थ मात्र ठणठणीत आहेत, तर आता ईसीयूवर संशय घ्यायला हरकत नाही.

कोड वाचायला महागडा स्कॅनर लागत नाही. जुन्या मॉडेलांत डॅशखाली डायग्नोसिस कनेक्टर असतो, त्याच्या टर्मिनल १ आणि १२ मध्ये सुईवाला व्होल्टमीटर लावून चावी ऑन केली की सुई हलते, लांब झेप म्हणजे दहा, छोटी झेप म्हणजे एक. दोन लांब एक छोटी म्हणजे २१, कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. १४ थ्रॉटल पोझिशन, २२ क्रँक अँगल, ४१ इंजेक्टर. सारख्या वेगाने छोट्या छोट्या झेपा येत राहिल्या तर कोड काही नाही. नंतरच्या मॉडेलांत कनेक्टर बदलला आणि टर्मिनल १ अर्थ केलं की डॅशवरचा लाइटच लुकलुकतो, त्यामुळे आपल्या वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच वायर घाला, अंदाजाने नको. असंबद्ध कोडांची रांग लागली, किंवा ठीक असलेल्या सेन्सरांचे कोड पुसले तरी परत येतात, किंवा सुई हलतच नाही, हे आतल्या गळतीचं चांगलं लक्षण आहे.

काढायचा कसा

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा, गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरांना अजिबात हात लावायचा नाही. ईसीयू डॅशखाली, ग्लोव्हबॉक्सच्या बाजूला किंवा पायाजवळच्या साइड पॅनलच्या मागे असतो, राइट हँड आणि लेफ्ट हँड गाडीत जागा बदलते. अॅल्युमिनियमचा चपटा डबा, त्यावर मोठे कनेक्टर आणि एक लेबल. लेबलवर एमडीने सुरू होणारा पार्ट नंबर आणि ई२टीने सुरू होणारा मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा नंबर असतो, त्याचा फोटो काढा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा वेगळा कंप्युटर असतो, दिसायला भाऊच, त्यामुळे नंबर बघून खात्री करा.

कनेक्टर वायर धरून ओढायचे नाहीत, लॉक दाबून प्लास्टिक धरून काढा, तीस वर्षांचं प्लास्टिक आहे, उन्हात ठिसूळ झालेलं असतं. डब्याला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, आणि घरी कार्पेटवर बसून काम करू नका.

झाकण उघडल्यावर

स्क्रू काढले की आधी वास घ्या. गळलेल्या कॅपॅसिटरला कुजक्या माशासारखा वास येतो, एकदा आला की परत विसरत नाही. मग चांगल्या उजेडात कॅपॅसिटरच्या बुडाशी बघा, तपकिरी किंवा हिरवट डाग, ओलसरपणा, बोर्डाचा रंग काळवंडलेला, शेजारच्या पार्टचे पाय हिरवे पडलेले. वरून फुगलेला नसला तरी फसू नका, हे बहुतेक बुडातून गळतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे भरपूर फोटो काढा, प्रत्येक कॅपॅसिटरचा वेगळा, निगेटिव्हची पट्टी कुठल्या दिशेला आहे ते दिसलं पाहिजे. हे फोटो नसतील तर पुढे जाऊ नका.

व्हॅल्यू कॅपॅसिटरच्या अंगावरच लिहिलेल्या असतात. २२, ४७, १०० मायक्रोफॅरड असे आकडे आढळतात, पण ईसीयूप्रमाणे बदलतात म्हणून स्वतःच्या बोर्डावरून लिहून घ्या, दुसऱ्याची यादी बघून मागवू नका. नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशवाले, आणि निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन अशा कंपनीचे. कॅपॅसिटरवर निगेटिव्हची पट्टीच नसेल आणि बीपी किंवा एनपी लिहिलेलं असेल तर तो बायपोलर आहे, त्याच्या जागी बायपोलरच पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं, फक्त दुकानदाराला खोकं दाखवायला सांगा कारण नकली माल पण असतो. सुट्टीवर येणार असाल तर तिथूनच घेऊन जा, पार्ट इवलेसे असतात.

सोल्डरिंग

आयुष्यात कधी सोल्डर केलं नसेल तर थेट ईसीयूवर शिकू नका. भंगारातला रेडिओ किंवा डीव्हीडी प्लेअरचा बोर्ड आणा, त्यावरचे कॅपॅसिटर काढून परत लावा, हात बसला की मग इकडे या. टेम्परेचर सेट करता येणारी सोल्डरिंग आयर्न पाहिजे, ३५० अंशांच्या आसपास, साधी बाजारातली ठोकळा आयर्न ट्रॅक उचलते. सोबत सोल्डर सकर (वितळलेलं सोल्डर ओढणारा पंप), तांब्याची विक (सोल्डर शोषणारी जाळीची पट्टी), फ्लक्स (सोल्डर नीट चिकटायला लावायचं रसायन), आणि ६०/४० शिसंवाली सोल्डर वायर. खिडकी उघडी ठेवा, धूर छातीत जाऊ देऊ नका, काम झाल्यावर हात धुवा.

बोर्डावर वार्निशसारखा पारदर्शक थर असतो, तो टोकदार लाकडी काडीने किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने जॉइंटपुरता काढून घ्या, नाहीतर सोल्डर वितळतच नाही आणि तुम्ही आयर्न दाबत बसता. मग जुन्या जॉइंटवर आधी थोडं नवं सोल्डर टाका, हे उलटं वाटतं पण नव्या सोल्डरने जुनं लवकर वितळतं, आणि मग सकरने ओढा. कॅपॅसिटरचा पाय मोकळा हलला तरच वर ओढा. जोर लावला तर भोकाच्या आतली तांब्याची नळी पायासोबत बाहेर येते आणि बोर्डाच्या दोन बाजूंचं कनेक्शन तुटतं, नवशिक्यांचे बोर्ड इथेच खराब होतात. अर्थला जोडलेला पाय हट्टी असतो, कारण मागे तांब्याचा मोठा पत्रा उष्णता पिऊन टाकतो, तिथे घाई न करता जाड टोकाची बिट वापरा.

काढून झालं की सफाई, आणि या भागावर अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. गळलेलं द्रावण अल्कली असतं, म्हणून कापसाच्या काडीवर थोडंसं पांढरं व्हिनेगर घेऊन डाग पुसा, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने घासा. शेजारच्या पार्टच्या खाली पण शिरलेलं असतं, बोर्ड तिरका धरून धुवा. पूर्ण वाळू द्या.

आता मीटर कंटिन्युइटीवर ठेवून डागाखालचा प्रत्येक ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. भिंगातून अखंड दिसणारा ट्रॅक सुद्धा आतून तुटलेला असू शकतो, मीटर काय सांगतो तेच खरं. तुटलेला सापडला तर बारीक इन्सुलेटेड वायरचा तुकडा दोन टोकांच्या जॉइंटला लावून पूल बांधा, खरवडलेल्या ट्रॅकवर सोल्डर सारवून भागवू नका, कंपनाने ते सुटतं, आणि ऑफरोडच्या गाडीत कंपनं कमी नसतात. त्याच वेळी मोठ्या कनेक्टरच्या पिनांचे जॉइंट पण बघून घ्या, भोवती बारीक गोल चीर दिसली तर नव्याने सोल्डर करा.

मग नवे कॅपॅसिटर, फोटो समोर ठेवून, पट्टी निगेटिव्हला. उलटा लागला तर तो गरम होऊन फुटतो. एक एक लावा आणि प्रत्येक वेळी फोटोशी ताडून बघा.

जळालेली आयसी (चिप) दिसली तर आधी आयडल मोटर तपासा

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढतोय कारण इथे लोकांचे दोनदा पैसे जातात. बहुतेक गाड्यांत थ्रॉटल बॉडीवर सहा पिनांची स्टेपर मोटर असते जी आयडल सांभाळते. तिच्यात कार्बन आणि ओलावा जाऊन कॉइल शॉर्ट होते, आणि तिला चालवणारी ईसीयूमधली ड्रायव्हर आयसी जळते. बोर्डावर एखाद्या आयसीला खड्डा पडलेला किंवा काळा डाग दिसला तर ती हीच असण्याची शक्यता जास्त. तुम्ही किंवा रिपेअरवाल्याने आयसी बदलली आणि मोटर तीच ठेवली तर चावी ऑन केल्यावर नवी आयसी पण जाते.

म्हणून मोटरचा कनेक्टर काढून मोटरच्या बाजूने रेझिस्टन्स मोजा. पिन २ पासून १ आणि ३, पिन ५ पासून ४ आणि ६. २० अंशांना प्रत्येक वेळी २८ ते ३३ ओहम आले पाहिजेत, उन्हात तापलेली मोटर थोडं जास्त दाखवेल ते चालतं. पाच-सात ओहम दाखवत असेल तर मोटर फेकून द्या. आणि ईसीयू ठीक निघाला तरी हे माप घेऊन ठेवा.

गाडीत परत लावताना

डबा बंद करायच्या आधी सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये शॉर्ट नाही ना ते मीटरने बघा. कनेक्टर लावा, मग बॅटरी. चावी ऑन, चेक लाइट लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. ५ व्होल्ट परत मोजा. मगच स्टार्टर मारा. पहिली काही मिनिटं आयडल इकडे तिकडे होईल कारण बॅटरी काढल्याने ईसीयू शिकलेलं विसरलाय, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा, ७०० च्या आसपास स्थिर झालं की बरं. नंतर एक लांब चक्कर, आणि त्यात गाडी तापू द्या, कारण जुना आजार तापल्यावरच बाहेर येत होता. डोंगराच्या मोहिमेवर लगेच निघू नका, आधी शहरात आठवडाभर वापरा.

ऑफरोडवाल्यांसाठी खास

नदी-ओढ्यातून काढताना पाणी केबिनमध्ये शिरून ईसीयू भिजला तर चावी फिरवायचीच नाही. सुरू होते का बघू असा मोह होतो, पण पाणी बोर्ड मारत नाही, पाण्यासोबतचा करंट मारतो. बॅटरी काढा, ईसीयू काढा, उघडा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपाइलने, आणि दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. समुद्राचं पाणी असेल तर वाट न बघता त्याच दिवशी धुवा, मीठ तासातासाला तांबं खातं. पाणी कायम वरूनच येतं असंही नाही, विंडशील्डचं जुनं रबर आणि एसीच्या पाण्याचा तुंबलेला पाइप हेही ईसीयूवर थेंब थेंब पाडतात, डॅशखालचं कार्पेट ओलं लागलं तर आधी तो स्रोत शोधा.

दुसरं म्हणजे वेल्डिंग. विंचचं माउंट, रॉक स्लायडर, बंपर काहीही गाडीवर वेल्ड करणार असाल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि ईसीयूचे कनेक्टर पण काढा, वेल्डरला सांगा की अर्थचा चिमटा जिथे काम चाललंय तिथेच जवळ लाव. वाळवंटात जंप स्टार्ट देताना केबल उलट लागल्या की सप्लायच्या बाजूचा डायोड किंवा ट्रॅक जळतो, त्यामुळे कितीही घाई असली तरी केबल लावायच्या आधी प्लस-मायनस दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

कधी थांबायचं

बोर्डाच्या आतल्या थरापर्यंत खाल्लेलं असेल, मुख्य प्रोसेसरचे पाय सडले असतील, किंवा दहा-बारा ट्रॅक गेले असतील तर ते घरचं काम नाही. मग ईसीयू बोर्ड लेव्हलला दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, आणि देताना विचारा की जुने कॅपॅसिटर परत देणार का, ट्रॅकचे फोटो दाखवणार का. जो दाखवतो त्याच्याकडे द्या. वापरलेला ईसीयूच घ्यायची वेळ आली, समजा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून, तर लेबलवरचा पूर्ण नंबर जुळला पाहिजे, इंजिन तेच आणि गिअरबॉक्स तोच, मॅन्युअलला ऑटोमॅटिकचा नको. इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी लॉक) असलेल्या गाडीत नुसता डबा बदलून गाडी सुरू होत नाही, ते आधी तपासा. आणि घेतलाच तर गाडीत बसवण्याआधी त्याचे कॅपॅसिटर बदला.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, पॅनल उघडलंच आहे तर त्याच दिवशी गिअरबॉक्सचा कंप्युटर पण काढून बघा, वय तेच, त्यातही इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर आहेतच. दोन्ही डब्यांच्या झाकणाच्या आतून कायमच्या मार्करने महिना-वर्ष आणि बदललेल्या कॅपॅसिटरच्या व्हॅल्यू लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला किंवा मेकॅनिकला परत पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.